संगीतशास्त्र, इतिहास आणि रचना: कॉलेजला जाण्याआधी काय तयारी करावी?

रानवारा

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

येत्या सत्रात संगीताच्या पदवीला प्रवेश घेते आहे. गायन मुख्य विषय नाही. संगीतशास्त्र, संगीताचा इतिहास आणि रचना हे तीन विषय घेतले आहेत. आजवरचं शिक्षण सगळं ख्यालगायकीचं. पेटीवर साथ करता येते, ऐकलेली चाल लगेच गळ्यात बसते, काही बंदिशीही बांधल्या आहेत. अभ्यासक्रम मात्र बराचसा पाश्चात्त्य अंगाचा आहे: हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे मेळ), काउंटरपॉइंट (एका ओळीवर दुसरी स्वतंत्र ओळ रचणं), इअर ट्रेनिंग, वाद्यवृंदासाठी लेखन. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, येतं, पण रेघा मोजत मोजत.

मधल्या काळात काय करून ठेवावं? आणि मनातली खरी शंका अशी, की हे सगळे नियम शिकता शिकता माझं रागातून आलेलं ऐकणं बोथट तर होणार नाही ना? ज्यांनी हे शिक्षण घेतलं आहे किंवा दिलं आहे त्यांनी सविस्तर लिहावं. लांबलचक प्रतिसाद आले तर आनंदच होईल.

मंद्रसप्तक

रानवारा, अभिनंदन. बरीच वर्षं हार्मनी आणि काउंटरपॉइंट शिकवतो आहे, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

शंकेचं उत्तर आधी देतो. नियम नुसते कागदावर शिकलीस तर कान नक्की बोथट होईल. तेच नियम गाऊन शिकलीस तर कानाला आणखी एक खोली मिळेल. माझ्या वर्गात एकच सक्ती असते: जे लिहिलं ते गाऊन दाखवायचं. गाता आलं नाही तर वही उघडायची नाही.

एक उदाहरण घेऊ. काउंटरपॉइंटच्या पहिल्या धड्यात एक ठरलेली ओळ दिलेली असते आणि तिच्यावर दुसरी ओळ रचायची असते, एका सुराला एक सूर. समजा खालची ओळ आहे: सा रे ग रे सा. आपल्याकडून गेलेला विद्यार्थी वरती हमखास लिहितो: प ध नि ध प. लिहिणारच, कारण षड्ज-पंचमाचा संवाद त्याच्या हाडीमाशी असतो. सा-प, रे-ध, ग-नि, प्रत्येक जोडी गोड. शिक्षक मात्र लाल शाईने खूण करतात: समांतर पंचम, म्हणजे दोन्ही ओळी पंचमाचं अंतर राखून बरोबरच सरकतात, चालणार नाही.

का चालणार नाही हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. तू एक कर, मैत्रिणीला खालची ओळ गायला सांग आणि स्वतः वरची गा. दुसऱ्याच सुराला कळेल की तुम्ही दोघी दोन ओळी गातच नाही आहात, एकच ओळ जाड झाली आहे. पंचम इतका मिसळून जातो की दुसऱ्या आवाजाचं स्वतंत्र अस्तित्वच पुसलं जातं. आता वरती प नि सां नि सां गा (सां म्हणजे वरच्या सप्तकातला सा). पहिल्या जोडीत पंचम आहे, मग तीन जोड्यांत षष्ठांतर, म्हणजे सहाव्या सुराचं अंतर, आहे, आणि शेवटी खालची ओळ रे वरून सा वर उतरत असताना वरची नि वरून सां वर चढते. दोघी विरुद्ध दिशांनी येऊन एका ठिकाणी भेटता. हा अनुभव आला की नियम पाठ करावा लागत नाही.

योहान फुक्स याने १७२५ मध्ये ही एकाला एक, एकाला दोन, एकाला चार अशी पाच टप्प्यांची पद्धत पुस्तकात मांडली. लॅटिनमध्ये, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. त्यातल्या गुरूच्या तोंडून जुना इटालियन रचनाकार पालेस्ट्रिना बोलतो अशी कल्पना आहे. हायडन हे पुस्तक स्वतःचं स्वतः शिकला, बेथोव्हेनने आधी हायडनकडे आणि मग आल्ब्रेख्ट्सबर्गरकडे हेच धडे गिरवले. तीनशे वर्षं झाली तरी कॉलेजात हीच पायरी आहे, आणि माझ्या मते असायलाच हवी.

तळटीप

मंद्रसप्तक यांनी सुरेख सांगितलं. त्यांचाच धागा पकडून इतिहासाबद्दल लिहिते, कारण बहुतेक विद्यार्थी इतिहास म्हणजे सनावळी समजून शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

हेच समांतर पंचम घ्या. ९व्या शतकातल्या 'मुसिका एन्किरिआडिस' या ग्रंथात एकाहून अधिक आवाजांत गाण्याची जी पद्धत लिहून ठेवली आहे, तिचा पायाच समांतर पंचम आणि समांतर मध्यम हा आहे. मूळ स्तोत्र एक जण गाणार, दुसरा तेच पाच सुरांवरून किंवा चार सुरांवरून गाणार. म्हणजे रानवारा, तू वहीत प ध नि ध प लिहिलंस तर ते चूक आहे, पण हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या मठात ते शुद्ध होतं! पुढे आवाज स्वतंत्र होत गेले, आणि १४व्या-१५व्या शतकात शास्त्रकारांनी हे समांतर चालणं निषिद्ध ठरवलं. मग १९१० मध्ये फ्रेंच रचनाकार देब्युसी पियानोवर बुडालेल्या कॅथीड्रलचं चित्र रंगवतो तेव्हा अख्खे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, समांतर सरकवतो, आणि तेच जुने मठ कानात उभे राहतात. त्याला नियम ठाऊक होता, आणि नियमाआधीचा काळही ठाऊक होता.

एका प्रश्नात तिन्ही विषय आले पाहा. दोन सूर असे का वाजतात हे शास्त्र सांगतं, केव्हा आणि कोणाला ते चाललं हे इतिहास सांगतो, आणि मी आज ते वापरू का हे रचनेत ठरतं. कॉलेजात वेळापत्रकात तीन वेगळे तास असतात, तीन वेगळे शिक्षक असतात, आणि मुलं तीन वेगळ्या वह्या करतात. तू एकच वही कर. हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला.

भैरवीप्रेमी

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

शास्त्राने संगीत कळतं हेच मला पटत नाही. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध, सूर तेच. एकाचा थाट (रागांच्या वर्गीकरणाची सात सुरांची चौकट) कल्याण, एकाचा बिलावल. भूपात म आणि नि वर्ज्यच आहेत, मग तीव्र मध्यमाचा कल्याण थाट त्याला कुठून चिकटला? गाणाऱ्याला विचारा, तो थाटाचं नावही न घेता ग वर विसावून भूप उभा करेल आणि ध ला वर उचलून देशकार. हीच गत मारवा, पूरिया आणि सोहनीची. कागदावर एकच सामान, घरं तीन. थाटाच्या चौकटीत मावत नाही तेच तर गाणं आहे. मुलीने चार वर्षं तानपुऱ्यासमोर बसावं, जास्त मिळेल.

तळटीप

भैरवीप्रेमी, राग कसला, मुद्दा मोलाचा आहे. पण तुम्ही जे केलंत तेच शास्त्र आहे. सूर समान असून राग वेगळे का, याचं उत्तर तुम्ही वादी (रागातला मुख्य सूर), न्यास (विसाव्याचा सूर) आणि चलनात (सुरांच्या चालीत) शोधलंत. थाटाची पद्धत अपुरी कुठे पडते हे बोट ठेवून दाखवलंत. चांगल्या शास्त्राच्या वर्गात नेमकं हेच करायचं असतं.

भातखंड्यांनीही आधी दहा थाट आखून मग राग कोंबले नाहीत. ते गावोगाव हिंडले, घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा केल्या, लिहून काढल्या, जुने ग्रंथ पडताळले आणि मग मांडणी केली. १७व्या शतकात कर्नाटक संगीताचा शास्त्रकार व्यंकटमखी याने गणिताने ७२ मेळ, म्हणजे थाटासारख्याच चौकटी, काढले होते, ते भातखंड्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी प्रचारातल्या रागांना पुरतील असे दहाच ठेवले. ही निवड होती आणि तिच्या मर्यादा आहेत. शास्त्र नेहमी गाण्याच्या मागून येतं. ते पुढे चालायला लागलं की तुमची तक्रार रास्त ठरते.

आणि अजून मागे गेलात तर १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या सात अध्यायांत स्वर आहे, राग आहे, ताल आहे, वाद्य आणि नृत्यही आहे, आणि त्यांच्याच पंक्तीत प्रबंधाचा, म्हणजे रचनेचा, स्वतंत्र अध्याय आहे. शास्त्र आणि रचना यांची फारकत आपल्या परंपरेतही नव्हती.

चौथी_ओळ

मी याच विषयांच्या शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. रानवारा, मीही ख्यालातूनच आलो.

पहिला धक्का: सा हलतो. आपल्याला जन्मभर एक सा धरून गायची सवय. तिकडे गाणं मध्येच घर बदलतं, त्याला मॉड्युलेशन म्हणतात. मला ते समजलं मूर्च्छनेच्या, म्हणजे दुसऱ्याच सुराला सा मानून गाण्याच्या, वाटेने. प ला नवा सा मान. आता ऐकता ऐकता एखादा तीव्र मध्यम येऊन प वर चढला, की तो तीव्र मध्यम उरतच नाही, नव्या सा चा शुद्ध निषाद होतो. तोच सूर, पण त्याची ओढ बदलली. पेटीवर हे रोज कर: सा च्या सप्तकात थोडं गा, तीव्र म घेऊन प वर ये, तिथे सा म्हण, आणि नव्या सा मध्ये पुढे गा. परत यायचं असेल तर जुना शुद्ध म घे, तो नव्या घरातला कोमल नि आहे, तो लगेच खाली ओढतो. इअर ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षातलं निम्मं अवघड यात सुटतं. सरगम मुळातच चल असल्याने आपण इथे खरं तर पुढे असतो.

दुसरा धक्का: खालचा आवाज. आपला कान चालीच्या मागे धावतो. डिक्टेशनमध्ये, म्हणजे ऐकून लिहिण्याच्या परीक्षेत, चार आवाज एकदम वाजतात आणि आपल्याला फक्त वरचा ऐकू येतो. उपाय एकच, कुठलंही गाणं लावलं की बास गुणगुणायचा, चाल नाही. सुरुवातीला फार कंटाळवाणं वाटतं. काही आठवड्यांनी कॉर्ड ओळखायला प्रयत्नच लागत नाही, कारण बास कळला की बाकीचा अंदाज बांधता येतो. रामो या फ्रेंच रचनाकाराने १७२२ मध्ये सिद्धांत मांडला की सा-ग-प, ग-प-सां, प-सां-गं हे तीन वेगळे कॉर्ड नसून एकाचीच तीन रूपं आहेत. शास्त्र म्हणून बरोबरच आहे, पण तळाशी सा आहे की ग की प, याने रंग साफ बदलतो. तो फरक कानाने धरायचा.

वाचनासाठी रोज बाखचं एक कोरल, म्हणजे चार आवाजांत बांधलेलं चर्चचं स्तोत्र. त्याची कोरल त्याच्या मुलाने आणि त्याचा शिष्य किर्नबर्गर याने संपादित करून १७८४ ते ८७ मध्ये छापली, एकूण ३७१. ती स्वामित्वहक्काबाहेर आहेत आणि आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पेटीवर दोन आवाज वाजव, तिसरा गा. छोटी असतात, एका बैठकीत होतात.

सुरपेटी

@चौथी_ओळ, पेटीवर सराव करायला सांगताय, पण पेटीचा गंधार (ग) तिला खटकत नसेल का? तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार आणि पेटीचा गंधार एक नाहीत, हे आमच्याकडच्या जुन्या गवयांचं ठाम मत असतं.

मंद्रसप्तक

सुरपेटी, गवयांचं मत अगदी खरं आहे, आणि ते मोजूनही दाखवता येतं. खर्जाच्या तारेत तिच्याच पाचव्या स्वरांशातून (तारेबरोबर आपोआप वाजणाऱ्या वरच्या सुरातून) जो गंधार आपोआप उमटतो तो सा पासून साधारण ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या पेटीचा किंवा पियानोचा गंधार ४०० सेंटवर. १४ सेंटचा फरक तयार कानाला चांगलाच कळतो. पंचमात मात्र फक्त दोन सेंटचा फरक आहे, म्हणून तो खटकत नाही.

ही तडजोड कोणाच्या आळसातून आलेली नाही. शुद्ध पंचमांनी चढत गेलं, म्हणजे दर वेळी दीडपट, तर बारा पायऱ्यांनंतर मूळ कंपनाच्या सुमारे १२९.७५ पट होतं. सात सप्तकं चढली तर बरोबर १२८ पट. दोन्ही टोकं जुळत नाहीत, फट राहते, आणि ती जगातल्या प्रत्येक पद्धतीला कुठेतरी जिरवावी लागते. ज्या संगीतात सा हलत नाही तिथे प्रत्येक सूर सा शी शुद्ध मिळवता येतो, फट दूर कोपऱ्यात पडून राहते. ज्या संगीतात सा बाराही घरांत फिरतो तिथे ती सगळ्यांना थोडी थोडी वाटून द्यावी लागते. चौथी_ओळ म्हणतो ते मॉड्युलेशन आणि तुमचा खटकणारा गंधार, ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

रानवारा, तू हे विसरू नकोस आणि सोडूही नकोस. सोबत एखाद्या चांगल्या गायकवृंदाचं ध्वनिमुद्रण ऐक. साथीला पियानो नसला की ते लोकही गंधार उतरवतात.

ठेका

तालाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. आपल्याकडे सम म्हणजे पोचण्याची जागा, तिहाई, म्हणजे तीनदा म्हटलेला तुकडा, तिथे येऊन संपते. तिकडचं बरंचसं लेखन बारच्या (ठरावीक मात्रांच्या एका खंडाच्या) पहिल्या मात्रेपासून निघतं असं शिकवतात, पण चांगल्या रचनेत वाक्यं चार-चार, आठ-आठ बारांची असतात आणि त्यांचं वजन शेवटाकडे झुकतं. तबला ऐकलेल्या माणसाला हे लवकर कळतं. हाताने ताल धरून ओळ म्हण, रेघा मोजणं आपोआप थांबेल.

रानवारा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तीव्र म चा नि होतो हे आज पेटीवर करून पाहिलं, अंगावर काटा आला. भैरवीप्रेमी काका, तानपुरा सोडणार नाही, शब्द देते.

रचनेबद्दल अजून विचारायचं आहे. बंदिश बांधताना मी मुखडा गात राहते आणि शब्द-सूर सापडतात. वाद्यांसाठी कशी रचना करायची? सॉफ्टवेअरवर करायची का?

चौथी_ओळ

सॉफ्टवेअर जरूर शिक, म्यूझस्कोअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. पण त्याच्या वाजण्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यातली बासरी अगदी तळाच्या सुरांवरही ट्रम्पेटच्या तोडीस तोड वाजते, कधी दम घेत नाही, कधी थकत नाही. प्रत्यक्षात बासरीचा तळ हळवा असतो, वर तीन वाद्यं असली की ऐकूच येत नाही. आमच्या वर्गात सगळ्यांचं हेच होतं: संगणकावर भरलेलं वाटणारं पान तालमीत पोकळ निघतं.

म्हणून वाजवणारा माणूस गाठ. वर्गातली क्लॅरिनेटवाली मैत्रीण असेल तर क्लॅरिनेटसाठी लिही. तिला विचार कुठला सूर सहज निघतो, कुठे बोटं अडतात, पूर्ण दमात किती लांब वाक्य जातं. तिथेच कळेल की नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटला कागदावर रे लिहिला तर कानाला सा ऐकू येतो, एक पूर्ण सूर खाली. तिच्या पानावर सगळं एक सूर वर चढवून लिहायचं. हे एकदा चुकलं की तालमीतला अर्धा वेळ त्यात जातो.

तळटीप

रचनेच्या तासाला आपलं जुनं सोडून 'तिकडचं' लिहायला हवं असा एक अदृश्य दबाव येतो. अर्जेंटिनाचा आस्तोर पियाझोला १९५४ मध्ये पॅरिसला नामवंत शिक्षिका नादिया बूलाँजे यांच्याकडे शिकायला गेला. गंभीर सिंफनीकार व्हायचं होतं, स्वतःचा टँगो लपवत होता. बाईंनी त्याला टँगो वाजवायला लावला आणि तोच त्याचा खरा आवाज असल्याचं सांगितलं. पण त्यांनी त्याच्याकडून काउंटरपॉइंटही कसून करून घेतलं, आणि ते त्याच्या टँगोत जागोजागी ऐकू येतं. गोष्टीचा हा दुसरा भाग लोक सांगत नाहीत, मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक, इतिहासाच्या पुस्तकात नावं कोणाची येतात याकडे डोळे उघडे ठेव. फॅनी मेंडेल्सोनने १८२८ मध्ये लिहिलेला ईस्टर सोनाटा बराच काळ तिच्या भावाचा, फेलिक्सचा, मानला जात होता. २०१० मध्ये हस्तलिखिताच्या अभ्यासातून तो तिचा असल्याचं सिद्ध झालं. कागद, अक्षर, पानांचे क्रमांक तपासणं हेही संगीताच्या इतिहासाचंच काम आहे. तुला त्यात गोडी लागली तर तीही मोठी वाट आहे.

कावेरीची_आई

माझी मुलगी हाच विचार करते आहे. पुढे काम काय मिळतं?

मंद्रसप्तक

ताई, अध्यापन, संयोजन, चित्रपट, नाटक आणि गेमसाठी संगीत, स्वरलेखन, ध्वनिमुद्रणाशी संबंधित कामं, संग्रहालयं, संशोधन. यातलं कुठलंच काम नुसत्या पदवीवर मिळत नाही, वाजवून घेतलेल्या रचना दाखवाव्या लागतात. मुलीला पहिल्या वर्षापासून आपल्या रचनांची ध्वनिमुद्रणं जपून ठेवायला सांगा.

रानवारा

मंद्रसप्तक सर, धडा करून पाहिला. खालची ओळ: सा रे म ग रे सा. वर लिहिलं: प नि ध सां नि सां. मैत्रिणीबरोबर गाऊन पाहिलं, दोन आवाज वेगळे राहतात. बरोबर आहे का?

मंद्रसप्तक

नियमाने निर्दोष आहे. सा-प पंचम, रे-नि षष्ठ, म-ध तृतीय, ग-सां षष्ठ, रे-नि षष्ठ, शेवटी सप्तक. मधे दोन ठिकाणी विरुद्ध चाल आहे, तीही छान.

आता गाण्याच्या अंगाने बघ. तुझा सां चौथ्या सुरालाच येऊन जातो, मग शेवटी परत येतो तेव्हा त्यात नवं काही उरत नाही. चौथ्या जागी सां ऐवजी प घेऊन बघ: प नि ध प नि सां. ग वर प म्हणजे तृतीयांतर, नियमाला धक्का नाही. ओळ एकदा खाली झुकते आणि मग सां पहिल्यांदाच, शेवटी मिळतो. दोन्ही गा, आणि तुला कुठली आवडली ते कारणासकट इथे लिही. मग एकाला दोन सुरांचा धडा देतो.